तायाप: एका गावाची भाषा आणि तिचं कूळ शोधायची खटपट

१९३७ साली गेओर्ग हॉल्टकर नावाचे एक जर्मन मिशनरी ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या न्यू गिनी बेटावर, उत्तर किनाऱ्यामागची दलदल तुडवत गापुन नावाच्या गावात पोचले. तिथे ते होते जेमतेम तीन तास. तेवढ्यात त्यांनी गावकऱ्यांच्या भाषेतले १२५ शब्द टिपून घेतले आणि पुढच्या वर्षी छापले. इतक्याशा गावासाठी इतकी अवघड वाट चालून दुसरा अभ्यासक इकडे लवकर येईल असं वाटत नाही, हेही त्यांनी लिहून ठेवलं. अंदाज बरोबर निघाला. १९७०च्या दशकापर्यंत बाहेरच्या जगाला या भाषेची जी काही माहिती होती, ती एवढीच.

भाषेचं नाव तायाप. गापुन हे गाव पापुआ न्यू गिनी देशाच्या ईस्ट सेपिक प्रांतात आहे, सेपिक आणि रामू या दोन मोठ्या नद्यांच्या मधल्या सखल पट्ट्यात, समुद्रापासून दहाएक किलोमीटर आत. तायाप बोलणारं दुसरं गाव जगात नाही. काही जुन्या याद्यांमध्ये ही भाषा 'गापुन' या नावाने सापडते, काहींमध्ये 'ताइआप' म्हणून, तिन्ही एकच. १९८०च्या दशकाच्या मध्यात डॉन कुलिक हे मानववंशशास्त्रज्ञ तिथे राहायला गेले, तेव्हा गावची वस्ती शंभराच्या आसपास होती आणि भाषा अस्खलित बोलणारे ८९ जण होते. पुढे वस्ती जवळपास दुप्पट झाली, पण २०१९ पर्यंत बोलणारे पन्नासहून कमी उरले.

आता प्रश्न असा की ही भाषा कोणत्या कुळातली? गेल्या पन्नास वर्षांत या प्रश्नाला निदान तीन उत्तरं मिळाली आहेत. ती एकमेकांशी जुळत नाहीत. का जुळत नाहीत हे पाहिलं, की भाषांचं वर्गीकरण म्हणजे नक्की काय चालतं ते बऱ्यापैकी उलगडतं.

आधी 'पापुअन' या शब्दाबद्दल. तायाप ही पापुअन भाषा आहे असं म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की पापुअन हे द्राविडी किंवा इंडो-आर्यन यांसारखं कुळाचं नाव असणार. तसं नाही. न्यू गिनी आणि आसपासच्या बेटांवर ऑस्ट्रोनेशियन नावाच्या एका प्रचंड कुळातल्या भाषा बोलल्या जातात. मलय, टागालोग, माओरी, अगदी मादागास्करची मालागासीसुद्धा त्याच कुळातली. या भाषा बोलणारे लोक न्यू गिनीच्या किनाऱ्यांवर सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी आले. त्यांच्या आधीपासून तिथे बोलल्या जाणाऱ्या, ऑस्ट्रोनेशियन नसलेल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या मूळ भाषांमध्येही न बसणाऱ्या सगळ्या भाषांना मिळून पापुअन म्हणायची पद्धत पडली. म्हणजे सरकारी अर्जातल्या 'इतर' या रकान्यासारखा हा शब्द आहे. 'इतर'मध्ये खूण करणारे सगळे एकमेकांचे भाऊबंद नसतात. या रकान्यात आठशेहून जास्त भाषा आहेत आणि त्यांची अनेक वेगवेगळी कुळं आहेत. शिवाय ज्यांचं कुणाशीच नातं दाखवता आलेलं नाही अशाही पुष्कळ.

इतकी विविधता आली कुठून? माणूस न्यू गिनीत सुमारे पन्नास हजार वर्षांपूर्वी पोचला. आणि शब्दांची नियमबद्ध तुलना करून भाषांचं नातं सिद्ध करायची पद्धत साधारण आठ-दहा हजार वर्षांपर्यंतच नीट चालते. त्यापलीकडे मूळ शब्द इतके झिजतात, बदलतात, टाकले जातात की खरं नातं आणि योगायोग यांत फरक करता येत नाही. समजा, न्यू गिनीतल्या झाडून सगळ्या भाषा एकाच आदिभाषेतून निघालेल्या असल्या, तरी आज ते दाखवायला आपल्याकडे साधन नाही. त्यात डोंगर, दलदल आणि लहान लहान स्वतंत्र गावं. एक गोष्ट मात्र मला भूगोलाहून महत्त्वाची वाटते: तिथल्या लोकांना वेगळेपण हवंच होतं. हुऑन द्वीपकल्पातल्या सेलेपेत भाषकांच्या एका गावाने शेजारच्या गावांहून वेगळं दिसावं म्हणून 'नाही' या अर्थाचा आपला शब्दच ठरवून बदलल्याची नोंद आहे. आपल्याकडे कोसाकोसावर भाषा बदलते म्हणतात. तिथे काही वेळा ती सभा भरवून बदलली गेली आहे.

आता नातं ठरवतात कसं, ते आपल्याच भाषांवरून पाहू. मराठीत वीस, हिंदीत बीस. वाघ आणि बाघ. वाट आणि बाट. वीज आणि बिजली. इथे महत्त्वाचं हे नाही की शब्द सारखे दिसतात. महत्त्वाचं हे की फरकसुद्धा नियमाने पडतो: मराठीत शब्दाच्या सुरुवातीला जिथे 'व' तिथे हिंदीत पुन्हा पुन्हा 'ब'. असा नियम योगायोगाने लागत नाही आणि उसनवारीनेही सहसा लागत नाही. नुसतं साम्य मात्र फसवं असतं. 'टेबल' आणि 'पेन' मराठीत आहेत म्हणून इंग्रजी आपली सख्खी बहीण होत नाही. 'अण्णा' आणि 'अक्का' ही घरातली हाक मारायची नावं कानडीकडून आली, तरी मराठी द्राविडी होत नाही. म्हणून अभ्यासक आधी शरीराचे अवयव, लहान आकडे, पाणी, आग, सर्वनामं असे सहसा उसने न घेतले जाणारे शब्द तपासतात, आणि त्याहून जास्त भरवसा व्याकरणातल्या आडमुठ्या अनियमितपणावर ठेवतात. 'मी जातो' पण 'मी गेलो' यातला 'जा' आणि 'गे' यांचा विचित्र जोड कुणी शेजाऱ्याकडून उसना आणत नाही. तो वारशानेच येतो.

या कसोट्या घेऊन तायापकडे जाऊ. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला डोनाल्ड लेकॉक हे ऑस्ट्रेलियन भाषाशास्त्रज्ञ सेपिक खोऱ्यातल्या असंख्य भाषांची पहिली मोजदाद करत होते. शेकडो भाषा, बहुतेकांबद्दल कागदावर काहीच नाही, आणि माणूस एक. तायापसाठी त्यांच्यापुढे होती हॉल्टकर यांची यादी आणि दोन भाषकांकडून त्यांनी स्वतः मिळवलेली काही क्रियापदांची रूपं. त्यावरून त्यांनी तायापला 'सेपिक-रामू' नावाच्या मोठ्या गटात टाकलं. त्या गटात सुमारे शंभर भाषा होत्या, आणि तायापला त्यात एक स्वतंत्र उपविभाग दिला होता. सेपिक-रामू हा गट 'फायलम' या पातळीचा होता. त्या काळच्या पद्धतीत फायलम म्हणजे मूळ शब्दांमध्ये दहा-बारा टक्क्यांहूनही कमी साम्य असलेल्या भाषांचा सैलसर समूह.

इथे जरा हिशेब मांडून बघा. समजा साम्य पाच टक्के निघालं, तर १२५ शब्दांचे पाच टक्के म्हणजे सहा शब्द. सहा सारखे दिसणारे शब्द! त्यातले दोन शेजाऱ्याकडून आलेले असू शकतात, दोन योगायोगाने जुळलेले असू शकतात, आणि घाईत टिपलेल्या यादीत एखादा ऐकण्यात चुकलेलाही असू शकतो. मग नातं टेकलंय कशावर? लेकॉक यांना नावं ठेवण्याचं कारण नाही. ते कच्चा नकाशा काढत होते आणि तो कच्चा आहे हे त्यांना माहीत होतं. गडबड पुढे झाली. कच्चा नकाशा संदर्भग्रंथांत गेला, तिथून ज्ञानकोशांत गेला, आणि 'तायाप: सेपिक-रामू कूळ' ही ओळ ठाम सत्यासारखी पुढची तीस वर्षं नकलली गेली. कुणी नवा पुरावा जोडला नाही. नुसती शाई वाढली.

योगायोग काय करू शकतो त्याचा नमुना तायापमध्येच आहे. तायापमध्ये 'मी' म्हणजे 'ङा' आणि 'तू' म्हणजे 'यू'. पापुआ न्यू गिनीची सामायिक बोली टोक पिसिन, जी इंग्रजी शब्दांवर उभी आहे, तिच्यातही 'तू' म्हणजे 'यू'. उसनवारी म्हणावी, तर तायापमध्ये 'आम्ही' म्हणजे 'यिम' आणि 'तुम्ही' म्हणजे 'यूम' अशी पूर्ण घरची मालिका आहे. तो 'यू' त्या मालिकेतला आहे. नातं म्हणावं, तर गापुन आणि लंडन यांचं नातं लावायला कुणी धजावणार नाही. म्हणजे सर्वनामासारखा अगदी गाभ्यातला शब्दसुद्धा निव्वळ योगायोगाने हुबेहूब जुळू शकतो. पापुअन भाषांचं वर्गीकरण करताना अनेकदा सर्वनामांचाच आधार घेतला गेलाय, म्हणून हे उदाहरण मला फार मोलाचं वाटतं.

(अशा एक-दोन साम्यांवर किती मोठा इमला चढवता येतो तेही सांगायला हवं. जोसेफ ग्रीनबर्ग या नामवंत अमेरिकी भाषाशास्त्रज्ञांनी १९७१ साली 'इंडो-पॅसिफिक' नावाचं एकच महाकूळ मांडलं. त्यात सगळ्या पापुअन भाषा होत्या, टास्मानियाच्या भाषा होत्या, आणि आपल्या अंदमानातल्या आदिवासींच्या भाषाही होत्या. नियमबद्ध ध्वनिबदल दाखवलेले नव्हते. आज हे कूळ जवळपास कुणीच मानत नाही.)

सेपिक-रामू गटही पुढे टिकला नाही. २००५च्या सुमारास विल्यम फोली आणि माल्कम रॉस या दोघांनी पापुअन भाषांचा नव्याने आढावा घेतला आणि त्या शंभर भाषांना एकत्र बांधणारा पुरावा नाही असं दाखवलं. गट फुटला, त्याची अनेक लहान कुळं झाली आणि तायाप एकटी पडली. लक्षात घ्या, तायापबद्दल नवं काही कळलं म्हणून ती एकटी पडली असं नव्हे. तिला ज्या घरात ठेवलं होतं, ते घरच नव्हतं असं निघालं.

खरी तपासणी त्यानंतर झाली. कुलिक यांनी तीस वर्षांहून अधिक काळ पुन्हा पुन्हा गापुनला जाऊन जमवलेल्या सामग्रीवरून त्यांनी आणि अँजेला टेरिल यांनी २०१९ साली तायापचं सविस्तर व्याकरण आणि शब्दकोश प्रसिद्ध केला. तीन तासांतल्या १२५ शब्दांपासून इथपर्यंत ८२ वर्षं लागली. त्यांनी तायापची तुलना सर्वांत जवळच्या शेजाऱ्यांशी केली. हे शेजारी म्हणजे लोअर सेपिक कूळ: कोपार, मुरिक, अंगोराम, यिमास, चांब्री, करावारी. या भाषांचं आपसातलं नातं पक्कं आहे, इतकं की त्यांच्या आदिभाषेतले काही शब्दही पुन्हा बांधता आले आहेत. त्यांच्याशेजारी तायापचे शब्द ठेवले की चित्र असं दिसतं: कान हा तायापमध्ये 'नेके', आणि लोअर सेपिकच्या आदिभाषेत 'क्वांद'. दोन म्हणजे 'सेने', तिकडे 'रिपा'. डोळा 'ङ्गिनो', तिकडे 'तांब्री'. हाड 'निङ्ग', तिकडे 'सारिङाम्प'. (देवनागरीत हे उच्चार ढोबळच उतरतात.) एकही जोडी लागत नाही. गाभ्याबाहेरच्या शब्दांत मात्र कोपारसारख्या शेजाऱ्यांकडून घेतलेला माल भरपूर आहे. शेकडो वर्षांचा शेजार, सोयरीक आणि देवघेव असली की असंच चित्र दिसतं: घरातली भांडी शेजारची, पण रक्त वेगळं.

व्याकरणही वेगळी वाट धरतं. यिमासमध्ये नामांचे दहाएक वर्ग आहेत. तायापमध्ये दोनच लिंगं, पुल्लिंग आणि स्त्रीलिंग. यिमासमध्ये कर्त्याच्या किंवा कर्माच्या नामाला प्रत्यय लागत नाही. तायापमध्ये सकर्मक क्रियेच्या कर्त्याला प्रत्यय लागू शकतो, आपल्या 'रामाने आंबा खाल्ला'मधल्या 'ने'सारखा.

तायापमधल्या लिंगाची गोष्ट मोठी रंजक आहे, आणि वर्गीकरणाच्या दृष्टीने सावध करणारीही. माणसं आणि प्राणी नर किंवा मादी असतील त्याप्रमाणे लिंग ठरतंच, पण त्याखेरीज आकारही बघितला जातो. लांब, सडपातळ, मोठं ते पुल्लिंगी. बुटकं, गोलसर, लहान ते स्त्रीलिंगी. आता सेपिक खोऱ्यातल्या अलांब्लाक आणि मानांबू या भाषांमध्येही जवळपास हाच प्रकार आहे, आणि त्या तायापच्या नात्यातल्या असल्याचं कुणीच दाखवलेलं नाही. मग नातं नाही, तरी हे साम्य कसं? एकाच खोऱ्यात हजारो वर्षं राहणारे आणि दोन-तीन भाषा सहज बोलणारे लोक विचार करायच्या लकबीही एकमेकांकडून उचलतात. शब्द आपले, साचा शेजारचा. आणि काही साम्यं तर उचललेलीही नसतात. सुरा मोठा, सुरी लहान. गाडा आणि गाडी, डबा आणि डबी. मराठीने आकारावरून लिंग ठरवायची युक्ती सेपिककाठच्या कुणाला विचारून काढलेली नाही.

तर उत्तर क्रमांक दोन: तायाप ही एकाकी भाषा आहे, जिवंत नातेवाईक नसलेली. एका भौगोलिक गोष्टीमुळे या मताला वजन येतं. सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी चढलेली होती आणि आज सेपिक व रामूच्या खालच्या अंगाला जी दलदल दिसते तिथे आत घुसलेला उथळ समुद्र होता. गापुन ज्या उंचवट्याजवळ आहे तो तेव्हा बेट होता. पुढे नद्यांनी गाळ आणून आणून तो समुद्र बुजवला, नवी जमीन तयार झाली, आणि तिच्यावर लोअर सेपिक आणि रामू कुळांतल्या भाषा बोलणारे लोक पसरत आले. तायाप ही त्यांच्याही आधीच्या बेटकऱ्यांच्या भाषेची वंशज असावी, असा एक तर्क आहे. मोह पडावा असा तर्क आहे, पण तर्कच. जमीन जागच्या जागी राहते, माणसं राहतातच असं नाही. सहा हजार वर्षांपूर्वी त्या बेटावर कोण काय बोलत होतं याचा पुरावा दगडमातीत सापडत नाही.

'एकाकी' या शब्दाबद्दलही एक गैरसमज असतो. एकाकी भाषा म्हणजे आभाळातून पडलेली नव्हे. तिच्या बहिणी कधीतरी होत्याच. त्या मेल्या, किंवा इतक्या दूर गेल्या की ओळख पटत नाही. अशी भाषा बघायला न्यू गिनीलाच जायला हवं असंही नाही. बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यात निहाली बोलली जाते, बोलणारे दोनेक हजार. कोरकू, मराठी, हिंदी यांच्याकडून तिने इतके शब्द घेतले आहेत की ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात तिला कोरकूसोबत मुंडा भाषांच्या (संथाळी, मुंडारी यांच्या कुळाच्या) खात्यावर टाकलं गेलं. १९६२ साली डच भाषाशास्त्रज्ञ कायपर यांनी ती उसनवारी थराथराने सोलून काढली, तेव्हा तळाशी सुमारे पाव शब्द असे राहिले की ते कुणाचेच नव्हते. आज निहालीही एकाकी मानली जाते. तायापच्या बाबतीत मूठभर शब्दांनी नातं लावलं गेलं; निहालीच्या बाबतीत उसन्या शब्दांच्या ढिगाने. चूक एकाच जातीची.

मग तिसरं उत्तर कुठलं? टिमोथी अशर या तुलनाकाराने २०२०च्या सुमारास तायापचं लांबचं नातं तोरिचेल्ली कुळाशी लावलं. तोरिचेल्ली ही न्यू गिनीच्या उत्तर किनाऱ्याला समांतर जाणारी डोंगररांग; तिच्या नावाच्या या कुळात पन्नासएक भाषा आहेत, आणि त्यांतल्या काही सेपिकच्या मुखाकडच्या मारिएनबर्ग टेकड्यांत आणि पूर्वेकडे बोगियाच्या किनाऱ्यावरही बोलल्या जातात. म्हणजे नकाशावर ही सूचना अजिबात वेडगळ दिसत नाही. अडचण अशी की तोरिचेल्ली भाषांमध्ये सर्रास क्रियापद कर्ता आणि कर्म यांच्या मध्ये येतं, आणि तायापमध्ये मराठीप्रमाणे शेवटी. पण शब्दक्रम हा भाषेतला फार अस्थिर भाग असतो. तेवढ्यावरून सूचना फेटाळता येत नाही. तिला बळ द्यायचं तर 'व' आणि 'ब'सारखे नियम दाखवावे लागतील, एकदोन नव्हे, बरेच.

आणि इथे दुसऱ्या उत्तरातली फट दिसते. कुलिक आणि टेरिल यांनी तायापची तुलना लोअर सेपिकशी केली आणि नातं नाही हे चोख दाखवलं. पण एका शेजाऱ्याशी नातं नसणं आणि कुणाशीच नातं नसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी सिद्ध करायला बाकीच्या सगळ्या कुळांशी ताडून बघावं लागेल. ते अजून कुणी नीट केलेलं नाही. म्हणून 'एकाकी' हे माझ्या मते तायापचं वर्णन नाही. ती आतापर्यंतच्या शोधाची नोंद आहे. बहुतेक भाषासूची तायापला आज एकाकी म्हणूनच दाखवतात, आणि सध्या तेच प्रामाणिक आहे.

तुलनेचं काम कागदावर कधीही होऊ शकेल, शब्दकोश छापलेला आहे. पण छापलेल्या व्याकरणात जे प्रश्न राहून गेले असतील ते विचारायला बोलणारं माणूस लागतं, आणि त्याला वेळ थोडा आहे. तायाप संपत चालली ती सरकारने बंदी घातली म्हणून नव्हे, शाळेने मारून सोडवली म्हणूनही नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गावातले तरुण लांबच्या मळ्यांवर मजुरीला गेले आणि येताना टोक पिसिन घेऊन आले. ती शहाणपणाची, चर्चची, पुरुषांची, बाहेरच्या जगाची भाषा ठरली. तायाप हट्टाची, रागाची, बायकांची, जुन्या काळाची ठरली. आया तान्ह्या मुलांशी टोक पिसिनमध्ये बोलू लागल्या, आणि आपण तसं बोलतो हे त्यांच्या लक्षातही येत नव्हतं. मोठ्यांना विचारलं की ते म्हणायचे, पोरंच हट्टी, त्यांनाच तायाप नको. आजच्या तरुणांपैकी बऱ्याच जणांना तायाप समजते, पण बोलायला लाज वाटते. त्यांची पहिली अडखळ होते ती क्रियापदांच्या वेड्यावाकड्या रूपांवर. नातं ठरवायला अभ्यासकाला सर्वांत आधी नेमकी तीच रूपं हवी असतात.